बॅटमॅनसारख्या मोठ्या माणसाला शाळकरी रॉबिन सोबत लागतोच कशाला? त्या पोराच्या मनावर काय परिणाम होत असेल?

मी शाळेत काउन्सेलर आहे आणि कॉमिक्स लहानपणापासून वाचतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. माझं मत सरळ सांगतो, रॉबिनला बॅटमॅनची जेवढी गरज आहे त्याहून बॅटमॅनला रॉबिनची जास्त आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

1940 मध्ये रॉबिन आला तोच मुळी बॅटमॅनला बोलायला कोणीतरी हवं म्हणून, लेखक बिल फिंगरची ती अडचण होती. गोष्टीत पहिल्या रॉबिनचे, म्हणजे डिक ग्रेसनचे आईवडील सर्कशीत झुल्यावर काम करायचे, मालकाने हप्ता दिला नाही म्हणून गुंडांनी दोरांवर ॲसिड टाकलं आणि पोराच्या डोळ्यादेखत दोघं पडून गेले. बॅटमॅनचे, म्हणजे ब्रूस वेनचेही आईवडील असेच त्याच्यासमोर मारले गेलेले, त्यामुळे त्याला त्या पोरात स्वतःच दिसला. आता अशा वेळी पोराला रडू द्यायचं, जवळ बसायचं, तर यांनी मेणबत्तीच्या उजेडात शपथ घ्यायला लावली आणि ट्रेनिंग सुरू. म्हणजे स्वतःच्या दुःखावर स्वतःला जे औषध सापडलं तेच त्या पोराला पाजलं, त्याला मानवेल का हे न बघता. प्रेम नव्हतं असं मी अजिबात म्हणत नाही, होतंच, पण जेवलास का, झोपलास का हे त्या घरात विचारायचा तो घरचा बटलर आल्फ्रेड.

मोठ्यांचं मन सांभाळायची जबाबदारी पोरावर येते त्याला पॅरेंटिफिकेशन म्हणतात. आपल्याकडे अशा पोरांचं कौतुकच जास्त होतं, वयाच्या मानाने किती समजूतदार आहे, आईला किती आधार आहे त्याचा वगैरे, आणि ते ऐकून ऐकून त्या पोराला रुसायची, चुकायची, रडायची सोयच राहत नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे तिसरा रॉबिन, टिम ड्रेक. 1988 मध्ये दुसरा रॉबिन, जेसन टॉड, बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या हातून मेला (वाचकांनी फोनवर मतं देऊन ठरवलं होतं, 5,343 विरुद्ध 5,271, मला हे आजही पटत नाही). त्यानंतर बॅटमॅन बेभान झाला, गुंडांना गरजेपेक्षा जास्त मारायला लागला, स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. हे कोणाच्या लक्षात आलं तर टिमच्या, तेरा वर्षांच्या मुलाच्या! तो डिककडे जाऊन सांगतो की तू परत रॉबिन हो, बॅटमॅनला रॉबिन लागतोच. डिक नाही म्हणतो आणि शेवटी तो ड्रेस टिमच्याच अंगावर चढतो. म्हणजे एका मोठ्या माणसाचा राग आटोक्यात ठेवायची नोकरीच लागली पोराला.

डिक नाही म्हणू शकला कारण तोवर तो 1984 मध्येच रॉबिन सोडून नाइटविंग नावाचा स्वतंत्र हिरो झाला होता. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या मांडणीत पौगंडावस्थेतलं मुख्य काम म्हणजे मी कोण हे शोधणं, आणि या पोरांना तर ते उत्तर आधीच शिवून मिळालेलं असतं, मापाचं असो वा नसो. डिकने ते उतरवून ठेवलं पण मदतीला मात्र येत राहिला, मला तो या सगळ्यांत सगळ्यात सुदृढ वाटतो.

पण पोराच्या मनाचं म्हणाल तर माझ्यासाठी सगळ्यात खरी गोष्ट बॅटमॅनची नाहीच, ग्रीन ॲरो या दुसऱ्या हिरोची, म्हणजे ऑलिव्हर क्वीनची आहे. 1971 सालची. त्याचा साइडकिक, म्हणजे रॉबिनसारखाच पोरवयातला जोडीदार, स्पीडी उर्फ रॉय हार्पर, नशा करणाऱ्या पोरांमध्ये सापडतो आणि ऑलिव्हर क्वीनला वाटतं हा गुपचूप तपास करतोय, पुढची शंका मनात येतच नाही. मग एक दिवस तो घरातच हेरॉइनची सुई घेताना दिसतो. ऑलिव्हर काय करतो, तर मारतो, नाही नाही ते बोलतो आणि घराबाहेर काढतो. हा स्वतः देशभर अन्यायाविरुद्ध लढत फिरत होता आणि पोरगं घरी एकटं. माझ्यासमोर बसलेल्या बापांच्या तोंडून मी हेच ऐकलंय, एवढं सगळं केलं आणि हा असा निघाला, आणि तेव्हा मला प्रत्येक वेळी ऑलिव्हर आठवतो. राग खरा मुलावर नसतोच, आपली मेहनत वाया गेली, लोक काय म्हणतील, हे झोंबत असतं.

रॉय पोहोचतो ब्लॅक कॅनरीकडे, म्हणजे ऑलिव्हरची मैत्रीण आणि स्वतःही हिरो असलेल्या डायनाकडे. नशा सुटताना जी तडफड होते त्या सगळ्या काळात ती त्याच्याजवळ बसून राहते, भाषण नाही की अट नाही. बरा झाल्यावर रॉय परत येतो, ऑलिव्हरला एक ठोसा लगावतो, मी काय सोसलं त्याचा थोडा तरी अंदाज तुला यावा म्हणून, आणि निघून जातो. त्या घरात त्याच्याशी मोठ्या माणसासारखं वागलेली एकटी डायनाच, माझ्या दृष्टीने त्याची खरी मेंटॉर तीच.