सकाळची खडखड: इंजेक्टर बदलण्याआधी टायमिंग चेन तपासावी

आपल्या २०१० च्या डिझेल स्विफ्टचे इंजिन सकाळी सुरू करताना तीन-चार सेकंद खडखडते, मग शांत होते आणि गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदलायला सांगितले आहेत, हे वाचून मला माझेच जुने दुखणे आठवले. १२४८ सीसीचे, ७५ पीएसचे हेच फियाट मल्टिजेट इंजिन माझ्या गाडीतही होते. मी मेकॅनिक नाही. जे भोगले तेवढेच लिहितो.

या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरते, म्हणून चेन झिजून लांबलेली असेल तर सकाळी दाब तयार होईपर्यंत ती सैल राहून आपटते. इंजेक्टरची टकटक अशी चार सेकंदांत सहसा थांबत नाही. मी हे दोनदा सांगूनही, ज्या सेवा केंद्रात गाडी नेत होतो तेथे "चेन आयुष्यभराची असते, डिझेलचा आवाज असाच" असे उत्तर मिळाले, आणि चेनचे झाकण न उघडताच दोन इंजेक्टर बदलून माझ्याकडून अठ्ठावीस हजार घेतले गेले. तो आवाज तसाच राहिला. पाच महिन्यांनी चेन चक्राच्या दातांवरून घसरली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावे लागले. चूक माझीही होती: या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास मावते, तेच काजळीने काळे झालेले ऑइल मी पंधरा-सोळा हजार किलोमीटर चालवत असे. त्याने चेनचे सांधे झिजतात. माझ्या मते साडेसात हजारांपुढे जाऊच नये, आणि डिपस्टिक दर पंधरवड्याला स्वतः पाहावी.

ओढ कमी होऊन काळा धूर येत असेल, तर तो विषय वेगळा. तेथे आधी ईजीआर व्हॉल्व्हमधली (थोडा धूर इंजिनात परत सोडणारी झडप) काजळी आणि टर्बोचे फाटलेले पाईप पाहावेत, तेही इंजेक्टरला हात लावण्यापूर्वी.

प्रत्येक गाडीची झीज सारखी नसते, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी खात्री देणार नाही. परंतु चेन, टेन्शनर आणि गाईड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) असे सगळे एकदम बदलणाऱ्या, जुने भाग हातात देणाऱ्या मेकॅनिकलाच काम द्यावे, आणि तोवर बॅटरी उतरली तरी गाडी ढकलून सुरू करू नये, कारण त्या झटक्याने सैल चेन दातांवरून घसरू शकते.