लाइट गेल्यावर इन्सुलिन कुठे ठेवायचं?

प्रश्न: आईला सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स इन्सुलिन लागतं. उन्हाळ्यात आमच्या लष्कर भागात दुपारची लाइट जाते, म्हणून बाटली फ्रीजरमध्ये ठेवत होतो. आता काचेला आतून पांढरे कण चिकटलेले दिसतात. ही वापरू का? — एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर: नका वापरू. संध्याकाळच्या डोसच्या आत नवी बाटली आणा. डोस मात्र चुकवू नका. मिक्स इन्सुलिनमधला सत्तर टक्के भाग अगदी बारीक स्फटिकांचा असतो, त्यानेच ते दुधाळ दिसतं. ते गोठलं की स्फटिकांच्या गुठळ्या होतात, आणि मग एका सिरिंजमध्ये औषध जास्त येतं, दुसरीत कमी. शुगर कधी ३००, कधी ६०, आणि घरात बोलणी बसतात ती आईच्या खाण्याला! एकदा गोठलेली बाटली वितळल्यावर चांगली दिसली तरी टाकायचीच.

न उघडलेली बाटली फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांवर ठेवा. दारात नको, मागच्या भिंतीला टेकवूनही नको. पहिली सुई टोचाल ती तारीख पेनाने बाटलीवर लिहा. बहुतेक इन्सुलिन उघडल्यापासून २८ दिवस चालतं. तुमच्या बाटलीचे दिवस आणि तापमान आतल्या पत्रकात बघा. १० मिलीच्या, दर मिलीला ४० युनिटवाल्या बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १२ लागत असतील तर २८ दिवसांत ३३६ संपतात. उरलेलं टाकायला जिवावर येतं, पण टाका.

वापरातल्या बाटलीसाठी ग्वाल्हेरच्या लूमध्ये माठ उत्तम. रुंद तोंडाच्या माठात दोन बोटं पाणी घाला, आत छोटं कोरडं मडकं ठेवा आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली. लेबल भिजलं तर तारीखही जाते. माठाला ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत, वाऱ्यावर ठेवा. आत थर्मामीटर टाकून भर दुपारी बघा. ३० च्या खाली हवं, पत्रकात २५ लिहिलं असेल तर २५ च्या.

डोस भरण्याआधी बाटली तळव्यांमध्ये दहा वेळा हलकेच फिरवा, हलवू नका. फेस आला की मात्रा चुकते. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका.

पावसाळ्यात हवा दमट झाली की माठ फारसा गार होत नाही. तेव्हा लाइट गेली तर फ्रीजचं दार उघडूच नका. बंद फ्रीज साधारण चार तास गार राहतो.