पाइनच्या वनात तीन पिढ्या

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या सासूबाई यांच्यासह जावा बेटावर जात आहोत. तेथील ग्रामीण भागातले एखादे वन त्यांना झेपेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : योग्यकार्ता शहराच्या आग्नेयेला, बंतुल जिल्ह्यात असलेले मांगुनानचे पाइनवन निःशंक निवडावे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानासारखी मिश्र झाडी तेथे नाही. लागवड केलेली सरळसोट झाडे उभी असून खाली झुडपे विरळ असल्यामुळे मूल सहसा नजरेआड होत नाही, आणि पालकांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. मात्र जमीन उताराची आहे व गळून पडलेल्या सुईसारख्या पानांवरून पाय घसरतो, म्हणून सासूबाईंना चांगली पकड असलेले बूट घ्यावेत. जावातील पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असल्याने मे महिना सोयीचा आहे, शनिवार-रविवार टाळावेत.

आपण शाकाहारी असाल, तर सोयाबीनपासून केलेले तेंपे मिळते. परंतु तिखट चटण्यांमध्ये बहुधा कोळंबीचा आंबवलेला गोळा, म्हणजे तेरासी, असतो, तेव्हा आधी विचारावे. जवळच इमोगिरी येथे माताराम या जावातील जुन्या राज्याच्या सुलतानांची समाधिस्थळे आहेत. तेथे शेकडो पायऱ्या असल्याने सासूबाईंना तो चढ टाळू द्यावा.