चर्चमधली सेवा नुसती कर्तव्य म्हणून होत असेल, तर सोडून द्यावी का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या समाजात, बरीच वर्षं तुम्ही कॉयरमध्ये गाता, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देता, आजाऱ्यांच्या घरी भेटी देता. पण आता हे सगळं ‘करायचं म्हणून’ होतं, मनात माया उरलेली नाही. फादर प्रवचनात निरपेक्ष प्रेमावर बोलू लागले की आपण ढोंगी आहोत असं वाटतं. तेव्हा हे ढोंग आहे का, आणि सेवा सोडून द्यावी का? पहिल्याला माझं उत्तर सरळ ‘नाही’. दुसऱ्याला थोडं ‘हो’, पण तुम्ही जे कारण देताय त्यासाठी नव्हे.

मी वसईकडचा कॅथलिक. आमच्या चर्चच्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीत बराच काळ आहे. म्हणजे गरिबांच्या, आजाऱ्यांच्या, एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायचं, काय हवं-नको बघायचं. सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, शिकलेलो नाही. त्यामुळे इथे कुणी फादर किंवा सिस्टर वाचत असतील तर त्यांनी खुशाल दुरुस्त करावं.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, २१व्या अध्यायात, दोन मुलांची गोष्ट आहे. बाप म्हणतो, जा, आज द्राक्षमळ्यात काम कर. एक म्हणतो, ‘नाही जात’, आणि मग मन बदलून जातो. दुसरा म्हणतो, ‘जातो की’, आणि जातच नाही. येशू एवढंच विचारतो की दोघांपैकी बापाची इच्छा कुणी पाळली. पहिला मळ्यात गेला तेव्हा त्याचं तोंड वाकडं होतं का, वाटेत पुटपुटत होता का, हे कुणी विचारलेलं नाही. मला ही गोष्ट फार धीराची वाटते. कारण आपल्याकडे प्रेम म्हणजे छातीत काहीतरी दाटून येणं अशी समजूत झाली आहे, आणि ते दाटून आलं नाही की माणूस स्वतःला खोटा समजतो. ज्या म्हातारीला तुम्ही भेटायला जाता तिच्या दारात तुम्ही उभ्या असता, हे खरंच आहे. मग खोटं नेमकं काय?

ढोंगी ती दुसऱ्या मुलाची ‘जातो की’.

तरीसुद्धा तुम्हाला जे टोचतंय ते मी उडवून लावत नाही. कर्तव्य आणि प्रेम यांत फरक आहेच, फक्त तो भावनेत शोधू नये. मला तो लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन उताऱ्यांत सापडतो. १५व्या अध्यायातला थोरला मुलगा तुम्हाला माहीत आहे. आपला वाटा घेऊन गेलेला उधळ्या धाकटा भाऊ सगळं घालवून परत आला, घरात गाणं-बजावणं चाललंय, आणि हा बाहेर उभा राहून बापाला ऐकवतो: इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एक आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला मित्रांबरोबर मजा करायला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत. दोनच अध्याय पुढे, १७व्यात, दिवसभर नांगरून आलेल्या दासाची गोष्ट येते. तो धन्याला जेवायला वाढतो आणि शेवटी येशू शिष्यांना म्हणतो, सगळं करून झाल्यावर तुम्हीही म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, करायचं होतं तेवढंच आम्ही केलं.

पूर्वी हा दुसरा उतारा मला कठोर वाटायचा. आता उलट वाटतं. राबतात दोघेही. दोघांच्याही मनात उमाळा होता असं कुठे लिहिलेलं नाही. पण थोरल्याने हिशेबाची वही ठेवली आहे, तीही किती बारीक, न मिळालेलं करडूसुद्धा त्यात नोंदलेलं! दासाकडे वही नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात प्रीतीबद्दल लिहिलं, तेही थोडंफार याच वळणाने: प्रीती हेवा करत नाही, बढाई मारत नाही, अपकार स्मरत नाही. तिला किती गहिवरून येतं याचा त्या अध्यायात उल्लेख नाही.

म्हणून तुमच्या जागी मी ‘मला प्रेम वाटतं का?’ हे विचारायचं सोडून दिलं असतं. मी विचारलं असतं, माझ्याकडे वही आहे का? सणाच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) आभार मानताना कॉयरचं नाव घ्यायचं राहून गेलं तर ते किती दिवस लक्षात राहतं? ज्या बाईला तुम्ही आजारपणात भेटायला गेलात, ती तुमच्या घरच्या आजारपणात फिरकली नाही, तर पुढच्या वेळी तिच्या दारात पाय अडतो का?

हे विचारतोय, कारण आपली धर्मग्रामं फार मोठ्या प्रमाणावर वहीवर चालतात. मयताचंच बघा. चर्चची घंटा झाली की अख्खी आळी जमते, घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते, मग मयताची मिस्सा, महिन्याची मिस्सा. बाहेरच्या माणसाला हे बघून भरून येतं आणि ते खरोखर चांगलंच आहे, कारण एकटं कुणी मरत नाही. पण घरात काय बोलतात? ‘ते आपल्या आईच्या मयताला आले होते, आपल्याला जायला हवं.’ आणि तेवढ्याच सहजपणे, ‘त्यांच्याकडचं कुणी आलं नव्हतं, एक जण गेला तरी पुरे.’ ही देवाणघेवाण आहे. वाईट नाही, गाव तिच्यावरच टिकतं. पण लूकच्या १४व्या अध्यायात येशू बरोबर इथेच बोट ठेवतो: जेवण द्यायचं असेल तर मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते तुला परत बोलावतील आणि फेड होईल, गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, कारण फेडायला त्यांच्याकडे काही नाही. या वचनावर प्रवचन झालं की आम्ही सगळे माना डोलावतो आणि लग्नाची यादी करताना जुनी आहेराची वही काढतो.

आणि ही वही फक्त लोकांकडे असते असंही नाही. कुठल्या धर्मग्रामात ते सांगत नाही, पण घरात मयत झालेलं असताना आधी चर्चमधलं त्या घराचं फॅमिली कार्ड बघून वर्गणी कधीपासून थकली आहे हे काढलेलं मी पाहिलंय. नियम म्हणून बरोबर असेलही. चर्चची डागडुजी, दफनभूमीची देखभाल, शेवटी पैशानेच होते. पण त्या घराच्या आठवणीत चर्च म्हणून जे राहिलं ते तेवढंच. सोळाव्या बेनेडिक्ट पोपमहाशयांनी २००५ साली आपलं पहिलं परिपत्रक प्रीतीवरच काढलं. त्यात त्यांनी म्हटलंय की शेजाऱ्याकडे पाठ फिरवून मी नुसता भक्तिमान राहायचं, धार्मिक कर्तव्यं पाळायची ठरवलं, तर देवाशी असलेलं माझं नातंही सुकून जाईल. रीतीला धरून असेल, पण प्रेमाशिवाय. तुम्हाला टोचतंय ते कदाचित हेच असेल, आणि ते सगळं तुमच्या एकटीच्या मनातून आलेलं नाही.

आता आमच्या सोसायटीबद्दल थोडं, कारण तिची सुरुवात तुमच्या प्रश्नाशी जुळते. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर ती सुरू केली. पहिली बैठक २३ एप्रिलला झाली, तो त्याचा विसावा वाढदिवस होता. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ येऊन गेलेली. तुम्हाला वाटेल, गरिबांचे हाल बघून मुलांचं काळीज विरघळलं. तेही असेल, पण तत्काळ कारण वेगळं होतं. ही मुलं एका वादविवाद मंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत. समोरच्यांनी टोमणा मारला: तुमच्या धर्माने एके काळी केलं असेल मोठं काम, आज तुम्ही काय करता? त्याला उत्तर देता येईना, म्हणून ही मंडळी कामाला लागली. सांगतात की ओझानाम आणि त्याचा एक मित्र त्याच संध्याकाळी स्वतःकडचं उरलेलं सरपण एका गरीब माणसाला नेऊन देऊन आले. पुढे सिस्टर रोझाली रांदू या त्या भागात काम करणाऱ्या बाईंनी त्यांना घरोघरी नेलं, गरिबाच्या घरात कसं बसायचं, कसं बोलायचं ते शिकवलं. म्हणजे आज जगभर पसरलेल्या या कामाच्या मुळाशी एक चिडलेला, खजील झालेला विद्यार्थी आहे. प्रेम मागून आलं, माणसं ओळखीची झाल्यावर. त्याच ओझानामला चर्चने १९९७ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं.

आमच्या बैठकीत आणखी एक प्रथा आहे, ती मला फार शहाणपणाची वाटते. शेवटी एक थैली फिरते, तिला गुप्त थैली म्हणतात. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि काढायची. कुणी किती टाकले, टाकले की नुसताच हात फिरवला, कुणाला कळत नाही. ज्याच्याकडे या महिन्यात काहीच नाही तोही हात घालतो. चर्चच्या भिंतींवर देणगीदारांच्या फरश्या बसवायची आपल्याला हौस आहे (आमच्याकडेही आहेत, नाही म्हणत नाही), त्यात ही थैली वेगळीच पडते. तिथे वही ठेवायची सोयच नाही.

आमच्यातले दोन जण एका चिडक्या म्हातारबांकडे जातात. एक जण बोलायला कोरडा. गेला की म्हातारबांची नखं कापतो, औषधाच्या पट्ट्या मोजतो, त्यांची सुनेबद्दलची तीच ती तक्रार ऐकून घेतो, उठतो. दुसरा नाताळला केक घेऊन जातो, फोटो काढतो, भरपूर हसवतो आणि मग बरेच महिने दिसत नाही. म्हातारबांना विचारलं तर त्यांना केकवालाच आवडतो. नखं कापणाऱ्याला ते अजून रागावतात. ‘तू काय ड्यूटीवर येतोस’, असंही एकदा तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, ‘हो’, आणि दुसऱ्या पायाची नखं कापायला घेतली. निरपेक्ष प्रेम म्हणतात ते याहून फार वेगळं दिसत असेल असं मला वाटत नाही. त्यात समाधान मिळेल, समोरचा ओळखेल, अशीही अट नसते. ही शेवटची अट सोडणं सगळ्यात जड जातं.

अर्थात सगळीच माया स्वतःच्या बळावर आणायची, असं कुणी आपल्याला सांगितलेलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम स्पष्ट आहे: आपण प्रीती करतो, कारण त्याने आधी आपल्यावर केली. धर्मग्रामात राबणाऱ्या माणसांचा घोटाळा बहुतेक इथे होतो. वर्षानुवर्षं ती वाढपी असतात, पंगतीला कधी बसतच नाहीत. मिस्सा चालू असताना कॉयरवाल्यांचं लक्ष पुढच्या गाण्याच्या पट्टीकडे, धर्मशिक्षणवाल्यांचं मुलं काय करतायत तिकडे. महिनोन्‌महिने नुसतं बाकावर बसून मिस्सा ऐकलेली नसते. तुमचं असं झालंय का, हे मात्र तुम्ही प्रामाणिकपणे बघा.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रेम आटलं म्हणून सेवा सोडू नका. पण कामं जास्त झाली असतील, घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, शरीर थकलं असेल, तर खुशाल सोडा, आणि त्याला पाप समजू नका. रविवारच्या मिस्सेचं बंधन आपल्याकडे किती गंभीर मानतात ते तुम्हाला माहीत आहे. तरी आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी असेल तर त्या बंधनातूनही सूट आहे, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच लिहिलेलं आहे. ज्यांच्या नावाने आमची सोसायटी आहे ते संत विन्सेंट तर आपल्या सिस्टरांना सांगत की प्रार्थना चालू असताना गरिबाने हाक मारली तर उठून जा, देवासाठी देवाला सोडणं आहे ते. मिस्सेला आणि प्रार्थनेला जर ही मुभा, तर कॉयरच्या तालमीला का नसावी?

तुमच्या तीन कामांपैकी कुठलं सोडावं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. आजाऱ्यांच्या भेटी ठेवा. तिथे माणूस समोर असतो आणि आज ना उद्या ओझानामचं झालं तसं होण्याची शक्यता तिथेच जास्त. धर्मशिक्षणाचा वर्ग वर्ष संपेपर्यंत चालवा, मुलांना मध्येच सोडू नये. कॉयर काही महिने थांबवा आणि रविवारी मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं गाणं ऐका, बेसूर असलं तरी. आणि फादरांना सांगायला जाल तेव्हा ‘मन लागत नाही’ असं सांगू नका, ते एखादी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुचवतील आणि बहुधा तिचं आयोजनही तुमच्याच गळ्यात घालतील. ‘तिन्ही कामं मला झेपत नाहीत, कॉयरसाठी माणूस बघा’ असं सांगा आणि तारीख सांगून टाका.