बंड्याची सर्दी आणि आपला औषधांचा डबा

डॉक्टरकाका, नमस्कार. आमचा बंड्या चार वर्षांचा, देशी, वजन 22 किलो. जळगावला लग्न होतं म्हणून त्याला चार दिवस कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवला. आणला तेव्हा ठणठणीत होता. सहाव्या दिवशी शिंका सुरू झाल्या, नाकातून पाणी यायला लागलं. रात्री तर घशात हाड अडकल्यासारखा खाकरतो आणि शेवटी पांढरा फेस टाकतो. जेवण अर्ध्यावर आलंय, पण चेंडू दिसला की पळतो. सासूबाईंनी छातीला बाम चोळला आणि गळ्यात कापराची पुरचुंडी बांधली. ह्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली. नंतर कुणीतरी सांगितलं की ती कुत्र्याला विष असते, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. वार्षिक लस वेळेवर दिलेली आहे. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला लागण होईल का? घरी काय करू?
एक वाचक, इंदिरानगर

ताई, आधी झोपा. गोळी 500 मिलिग्रॅमची असेल तर अर्ध्या गोळीत 250 मिलिग्रॅम औषध गेलं. बंड्याच्या 22 किलोंना ते किलोमागे साधारण 11 पडतं. 650 ची गोळी असेल तरी 15 च्या आतच. आम्हीसुद्धा कधी गरज पडली तर याच आसपास देतो. एकदा गेली, पोटात जिरली, विषय संपला. दुसरी मात्र देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर ती गोळी तिच्या वाऱ्यालाही ठेवू नका, मांजराला तिचा तुकडासुद्धा जीवघेणा ठरतो.

आता उठा आणि त्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा. नुसतं पॅरासिटामॉल असेल तर वर सांगितलं तेच. पण आपल्याकडे ‘सर्दीची गोळी’ म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा फेनिलेफ्रिन, कॅफीन अशी जोडीदार मंडळी असतात. त्यांनी कुत्र्याची छाती धडधडते, ते अस्वस्थ होतं, थरथरतं. असं काही लिहिलेलं दिसलं तर हे वाचणं इथेच थांबवा आणि जवळच्या पशुवैद्याला फोन करा. आयबुप्रोफेनचंही तसंच, त्याने कुत्र्याच्या जठरात जखमा होतात आणि मूत्रपिंडाला मार बसतो. बिनसाखरेच्या कफ सिरपात झायलिटॉल नावाची गोडी असू शकते, तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते. तेव्हा आपला औषधांचा डबा बंड्यापुरता बंद.

पुरचुंडी सोडा. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी नातवंडांना जे केलं तेच बंड्याला केलं, यात माया आहे. पण कुत्रा अंगावरचं सगळं चाटतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात आणि बामात कापूर, मेंथॉल, निलगिरीचं तेल हे सगळं असतं. शिवाय ज्याला गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे हे वासावरून कळतं, त्याच्या नाकाखाली बाम म्हणजे आपल्या कानाशी लावलेला डीजे. कोमट पाण्यात फडकं बुडवून छाती पुसून घ्या. अंघोळ नको.

बंड्याला जे झालंय त्याला आम्ही केनेल कफ म्हणतो. चार घरची कुत्री एका छपराखाली आली की हा पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात, तुमचा सहावा दिवस त्यात नेमका बसतो. हे एका जंतूचं काम नाही. पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनो असे विषाणू आणि बोर्डेटेला नावाचा जीवाणू, कधी एकटे येतात, कधी टोळीने. घशात हाड अडकल्यासारखं वाटतं, असं बहुतेक लोक तुमच्याच शब्दांत सांगतात. एक गृहस्थ तर रात्री बॅटरी घेऊन कुत्र्याच्या घशात हाड शोधत होते आणि स्वतःचं बोट चावून घेऊन आले.

मग लस कशाला दिली, असं मनात येईल. वार्षिक लशीत पॅराइन्फ्लुएन्झा आणि अॅडिनो असतात, पण बोर्डेटेला सहसा नसतो. त्याची लस वेगळी, बऱ्याचदा नाकात थेंब टाकायची. तीही आजार पूर्ण अडवत नाही, सौम्य करते. पण तुमच्या लशीने एक मोठं काम केलंय. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचीही सुरुवात अशीच नाक-डोळे वाहण्याने होते, आणि लस झालेल्या प्रौढ कुत्र्यात त्याची धास्ती फार कमी राहते. बिनलशीच्या पिल्लाचं असं पत्र आलं असतं, तर मी एका ओळीत ‘आजच दवाखाना’ लिहून टाकलं असतं.

मुलाची काळजी करू नका. आपल्या डांग्या खोकल्याचा जंतू हा याच बोर्डेटेलाचा चुलतभाऊ, पण भाऊ वेगळा आणि घर वेगळं. कुत्र्याकडून माणसाला हा क्वचितच लागतो, तोही ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे अशांना, म्हणजे केमोथेरपी चालू असलेल्यांना वगैरे. मुलाने हात धुवावेत, बंड्याने त्याचं तोंड चाटू नये, एवढं पुरे. उलट गल्लीतल्या कुत्र्यांचा विचार करा. खोकला थांबल्यावरही दोन आठवडे बंड्याला त्यांच्यात सोडू नका. पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. आणि बोर्डिंगवाल्यांना न भांडता एक फोन करा, बाकीची कुत्रीही खोकत असतील.

घरी काय करायचं? पहिलं, गळ्यातला पट्टा काढा. श्वासनलिका आधीच सुजलेली असते, पट्टा ओढला की खोकल्याची उबळ आलीच. छातीला बांधायचा हार्नेस घ्या. फिरणं म्हणजे शी-शूपुरतं अंगणात. चेंडू कपाटावर ठेवा, पळाला की रात्रभर खोकेल.

दुसरं, वाफ. भांड्यावर तोंड धरून, वर टॉवेल टाकून वगैरे अजिबात नाही, भाजेल. बाथरूमचं दार लावा, गरम पाण्याच्या दोन बादल्या भरा, तुम्ही स्टुलावर बसा आणि बंड्याला लांब बसवा. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. पाण्यात काहीही टाकायचं नाही, निलगिरी नाही, ओवा नाही. त्यानंतर नाक ओल्या कापसाने पुसा. नाकपुड्यांवर पापुद्रा धरला असेल तर खोबरेल तेलाचं बोट.

तिसरं, जेवण. कुत्रा चवीपेक्षा वासावर जेवतो. नाक चोंदलं की समोरचा भात त्याला पुठ्ठ्यासारखा. म्हणून जेवण कोमट करून द्या, वास उठला पाहिजे. चिकन नुसत्या पाण्यात शिजवा, त्याच पाण्यात भात किंवा बाजरीची भाकरी कुस्करा, वर उकडलेलं अंडं. हाडं काढा. चमचाभर मध चालेल, घसा जरा निवतो (मधुमेही कुत्र्याला आणि लहान पिल्लाला नको). हळदीच्या दुधाने काही बिघडत नाही, फारसं साधतही नाही, दूध न पचलं तर जुलाब मात्र होतात.

आणि आता नाशिककर म्हणून दुखरी बाब. आपल्या जिल्ह्याने जगाला दिलेल्या दोन्ही गोष्टी कुत्र्याला चालत नाहीत. लासलगावचा कांदा आणि पिंपळगाव-निफाडची द्राक्षं. जेवत नाही म्हणून मटणाचा रस्सा भातावर ओतला जातो, त्यात कांदा-लसूण वाटलेला असतो. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणाला त्या रश्श्याची आठवणही राहत नाही. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की त्रास होऊ शकतो. द्राक्षं त्याहून वाईट. त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं, कुत्र्याची मूत्रपिंडं बसतात. एखादं कुत्रं बागेत घडच्या घड खाऊन हिंडतं, दुसरं मूठभर मनुक्यांनी आडवं होतं, म्हणून ‘आमच्या बागेतला खातो की’ हा दाखला मला देऊ नका. काढणीचा हंगाम तोंडावर आहे, कुणी पेटी पाठवली तर उंच ठेवा.

थंडीने सर्दी होत नाही, जंतूने होते. पण निफाडकडे पारा एका आकड्यावर आला की आपल्याकडेही शहाबादी फरशी बर्फासारखी लागते. खाली गोणपाट, वर जुनी गोधडी, दाराच्या फटीपासून लांब. शेकोटीजवळ नको, धुराने खोकला वाढतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आठवडाभर दुसऱ्या खोलीत.

मागच्या वर्षीच्या अँटिबायोटिकचा उरलेला पत्ता घरात असेल (पत्रात लिहिलं नाहीत, पण असतो, मला अनुभव आहे), तो देऊ नका. असे बहुतेक रुग्ण एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. डिजिटल थर्मामीटरला खोबरेल लावून तो गुदद्वारात इंचभर सरकवायचा, एकाने पुढून डोकं कुरवाळत राहायचं. 101 ते 102.5 फॅरनहाइट म्हणजे ठीक, आपल्यासारखं 98 नव्हे. 103 च्या वर गेलं, नाकातलं पाणी घट्ट पिवळं-हिरवं झालं, किंवा एक दिवस पूर्ण जेवला नाही, तर न्या. आणि झोपलेला असताना श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या आत हवेत. 40 च्या पुढे गेले तर सकाळची वाट बघू नका, तो न्यूमोनिया असू शकतो.

अजून एक, हे माझ्याच घरचं आहे. सिन्नरला नोकरीत असताना पावसाळा संपता संपता आमच्या राणीला अचानक शिंकांचा मारा सुरू झाला. मी सहा दिवस ‘सर्दी आहे’ म्हणत राहिलो. बायको म्हणाली, अहो, एकाच नाकपुडीतून कसं वाहतंय? एकाच नाकपुडीतून वाहणं, पंजाने नाक घासणं, एकदम सुरू झालेल्या शिंका. माळावरच्या गवताचं कुसळ आत गेलं होतं. गुंगी देऊन काढावं लागलं. 32 वर्षं जनावरं तपासलेल्या माणसाच्या घरात निदान बायकोने केलं. बंड्याच्या दोन्ही नाकपुड्या वाहतात ना, एवढं आज बघून ठेवा.

आमचा पग मधूनच मान ताणून, घोरल्यासारखा आवाज करत श्वास आत ओढतो. दम्याचा झटका वाटतो. मिनिटभरात पुन्हा खेळायला लागतो. सर्दी आहे का?
एक वाचक, सिडको

नाही. ही उलटी शिंक. आपण हवा बाहेर फेकतो, हा आत ओढतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यांत नेहमीचं. गळा हलक्या हाताने चोळा, थांबते. रूम फ्रेशनर बंद करा. मोबाईलवर एकदा चित्रण करून ठेवा, दवाखान्यात गेलं की हे महाशय हमखास शहाण्यासारखे बसतात. दिवसात अनेकदा व्हायला लागलं तर दाखवा.

मळ्यातल्या कुत्र्याच्या नाकातून दोन दिवस थोडं थोडं रक्त येतंय. घरचे म्हणतात उष्णता आहे, कांदा हुंगवा.
एक वाचक, ओझर

कांदा ठेवा बाजूला. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. फिकट पांढुरक्या दिसल्या, त्यावर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसले, तर गोचीड-तापाची दाट शक्यता. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात. आता अंगावर गोचीड दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, चावल्यानंतर कित्येक महिन्यांनीही हे उपटतं. रक्त तपासलं की कळतं, आणि औषध सलग चार आठवडे द्यावं लागतं, मध्ये बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. दुसरी शक्यता उंदराच्या औषधाची. ते पोटात गेलं तरी रक्त गोठत नाही, आणि त्यावर व्हिटॅमिन के चा उतारा आहे, पण वेळेत. कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका, नाकाच्या दांड्यावर थंड फडकं ठेवा, पळू देऊ नका आणि आजच न्या. गोठ्यात उंदराच्या औषधाचं रिकामं पाकीट सापडलं तर तेही पिशवीत टाकून घ्या.