किती घेतले, हे कोणी सांगितले?

विषबाधेतील मात्रेविषयीचा तोच गोंधळ पत्रांतून वारंवार येत असल्याने या वेळी त्याच प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : लहान मुलाला साप चावल्यास प्रतिसर्पविष वजनानुसार कमी द्यावे का?

उत्तर : नाही. साप वजन पाहून विष सोडत नाही, आणि हे औषध विषाला मारक असते, शरीराच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो.

प्रश्न : साप मोठा होता, म्हणजे विषही जास्त गेले असेल ना? साप मारून दाखवायला न्यावा का?

उत्तर : लांबीवरून विषाचे माप निघत नाही, कित्येकदा साप विष न सोडताही चावतो. घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय असल्यास डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत रक्त 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते का ते पाहतात. कडुनिंबाचा पाला कडू लागतो का, हे तपासत गावातच थांबणे बंद करावे आणि सापाला सोडून रुग्णाला न्यावे.

प्रश्न : मुलीने रात्री रागाच्या भरात पॅरासिटामॉलच्या ‘पाच-सहाच’ गोळ्या घेतल्या. सकाळी ती ठणठणीत आहे. वाट पाहावी का?

उत्तर : एक तासही नाही. पहिल्या दिवशी रुग्ण ठणठणीत दिसणे हेच या विषबाधेचे लक्षण असू शकते. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते, तर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी ठरतो. ‘पाच-सहा’ हा आकडा चिडलेल्या वडिलांसमोर सांगितलेला आहे, हे विसरू नये. उतारा द्यावा की नाही हे ठरवण्यासाठी 1975 पासून वापरात असलेला रुमॅक-मॅथ्यू आलेखही सांगितलेल्या गोळ्यांवर विसंबत नाही. गोळ्या एकदमच घेतलेल्या असतील, तर किमान चार तासांनंतरची रक्तातील पातळी आणि घेतल्याची वेळ एवढेच त्याला लागते. म्हणून माझा आग्रह वेळेबद्दल आहे. वेळ नक्की नसेल, तर शक्य असलेली सर्वांत आधीची वेळ धरावी, म्हणजे चूक झालीच तर ती उपचाराच्या बाजूने होते; ती वेळही सांगता येत नसेल, तर आलेख बाजूला ठेवून डॉक्टर उपचार सुरू करतात. रिकाम्या पट्ट्या कचऱ्यात न टाकता सोबत न्याव्यात, न रागावता विचारावे आणि त्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांशीही बोलणे करून द्यावे.

प्रश्न : (पदव्युत्तर विद्यार्थी) मात्रा अनिश्चित असलेले रुग्ण प्रबंधातून वगळावेत का?

उत्तर : वगळू नयेत. जे बेशुद्ध येतात त्यांनाच मात्रा सांगता येत नाही. त्यांना गाळले, तर सौम्य रुग्णांचाच अभ्यास उरतो. केसपेपरवर एकदा ‘10 गोळ्या’ लिहिले, की तो आकडा कोणी सांगितला हे कोणी विचारत नाही. तेव्हा आकड्याऐवजी किमान-कमाल मर्यादा आणि माहितीचा स्रोत नोंदवावा. मात्रा फुगवून सांगितलेली असेल, तर शरीर औषध प्रत्यक्षापेक्षा वेगाने बाहेर टाकते असे गणितात दिसते, म्हणून ही अनिश्चितता गणिती प्रारूपातच (मॉडेलमध्येच) मांडावी लागते. सर्पदंशात तर मात्रा कोणालाच ठाऊक नसते. तेथे रक्तातील विषाची पातळी मोजून मागे जात मात्रेचा अंदाज बांधावा लागतो. संख्याशास्त्रज्ञांना नोंदी गोळा करण्यापूर्वी भेटावे. नंतर जाऊन उपयोग नाही.

प्रश्न : बाळाला तापाचे औषध दोन चमचे दिले. जास्त झाले का?

उत्तर : कोणते औषध आणि कोणता चमचा, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या थेंबांत एका मिलिलीटरला 100 मिलिग्रॅम, तर पातळ औषधात पाच मिलिलीटरला 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असू शकते, आणि कंपन्या नाव ठळक व प्रमाण बारीक छापतात. बाटली घेऊन आजच बालरोगतज्ज्ञांकडे जावे.