तुमची चेन ढिली नाही, तंग आहे

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, डबलसीट, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या. हिमाचलातली स्पिती करून आल्यावर पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चक्राच्या) झाकणाखाली तेलाचा ओघळ, पन्नासच्या पुढे ‘ऊंऽऽ’ असा आवाज, आणि नवा टाकलेला चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) ६,००० किलोमीटरमध्ये खलास. सर्व्हिस सेंटर म्हणतंय पुन्हा चेनसेट टाका, आणि तुम्ही विचारताय कोणत्या कंपनीचा टाकू.

कोणत्याच नको. निदान अजून तरी नको. तुम्ही जाताजाता एक वाक्य लिहिलंय: ‘निघायच्या आदल्या दिवशी चेन चांगली टाइट करून घेतली होती.’ माझ्या मते सगळं दुखणं तिथंच आहे.

मी मेकॅनिक नाही आणि गाडी न बघता लिहितोय, तेव्हा खात्री करून घ्या. पण हीच चूक मला दोन चेनसेट, दोन ऑइल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि शेवटी गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या दांड्याच्या, बेअरिंगला पडली. ते बेअरिंग बदलायला इंजिन उतरवून क्रँककेस उघडावी लागते, यावरून खर्चाचा अंदाज करा. चेन कशी धुवायची, तेल कधी द्यायचं हे तुम्हाला येत असणार, ते सोडून देतो.

गाडीकडे बाजूनं बघा. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे तो जिथं गाडीला जोडून वर-खाली फिरतो ती जागा, आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल, असे तीन बिंदू धरा. गाडी रिकामी असताना अ‍ॅक्सल खाली लोंबतो, त्यामुळे तिघांत कोन असतो. वजन पडून शॉकअप दबला की स्विंगआर्म वर येतो आणि एका जागी तिन्ही बिंदू एका रेषेत येतात. त्या क्षणी दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त, म्हणजे चेन सर्वांत तंग. त्याच्याही वर स्विंगआर्म गेला तर चेन पुन्हा सैल पडायला लागते.

समजा पिव्होटपासून पुढचं स्प्रॉकेट ७० मिलिमीटर पुढे आहे, स्विंगआर्म ५५० मिलिमीटरचा आहे आणि तो १२ अंश खाली झुकलाय. त्या अवस्थेत दोन्ही मध्यांतलं अंतर भरतं साधारण ६१८.६ मिलिमीटर. रेषेत आल्यावर ६२०. फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा. पण चेनच्या खालच्या पट्टीचा मधोमध मोजलेला वरखाली खेळ त्या दीड मिलिमीटरपायी पाचेक सेंटिमीटरनं कमी होतो. हा हिशोब कागदावर मांडेपर्यंत मलाही ते खरं वाटत नव्हतं. आता तुमच्या गाडीवर उभ्या उभ्या दोन बोटांनी दाबून ‘वीस मिलिमीटर, झकास’ म्हणत नट आवळला असेल, तर पहिल्याच खड्ड्यात शॉकअप दबताना चेन ताणली जाऊन तारेसारखी होते. मग शॉकअपला आणखी दबायला चेनच देत नाही. सगळा हिसका एका टोकाला आउटपुट शाफ्टवर, दुसऱ्या टोकाला मागच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगवर. आणि असे खड्डे स्पितीतल्या काझाच्या रस्त्यावर दिवसाला किती लागतात ते तुम्हीच मोजलेत.

म्हणूनच एका गाडीचा अंदाज दुसऱ्या गाडीला लावू नये. मागच्या चाकाची चाल, म्हणजे ते किती वर-खाली जातं, ते बघा: इंटरसेप्टर ६५० ला ८८ मिलिमीटर, डोमिनार ४०० ला ११०, एक्सपल्स २०० ला १७०, जुन्या ३९० अ‍ॅडव्हेंचरला १७७, तुमच्या ४११ ला १८०, नव्या हिमालयन ४५० ला २००. चाल जितकी लांब तितका चेनचा ताण जास्त बदलतो, आणि उभ्या गाडीवर तितकी जास्त ढील सोडावी लागते. दिवसभर कम्यूटर आणि क्लासिक बघणाऱ्या पोऱ्याच्या हाताला ४११ ची बरोबर लावलेली चेन ‘लोंबतेय’ असंच वाटतं. तो प्रामाणिकपणे, फुकट, तुमच्या भल्यासाठी ती आवळून देतो. ‘गाड्यांची तुलना’ म्हणून लोक टॉप स्पीड आणि टाकीचे लिटर मांडत बसतात. टूरिंगला गाडी घेताना मागची चाल आणि सोबत मेन स्टँड येतो का, हे दोन प्रश्न मी आधी विचारेन.

मेन स्टँडवरूनच दुसरा घोळ होतो, आणि माझा तोच झाला होता. मॅन्युअलमधल्या ढिलाईच्या आकड्याशेजारी गाडी कोणत्या अवस्थेत हवी ते लिहिलेलं असतं: साइड स्टँडवर, मेन स्टँडवर किंवा कुणीतरी बसलेलं असताना. लोक आकडा वाचतात, अवस्था वाचत नाहीत. मेन स्टँडवर चाक पूर्ण लोंबतं, तिथं खेळ सर्वांत जास्त दिसायला हवा. साइड स्टँडसाठीचा आकडा तुम्ही मेन स्टँडवर लावलात की चेन तंग झालीच म्हणून समजा.

खात्रीची पद्धत अशी. गाडी मेन स्टँडवर घ्या, शॉकअपचा (किंवा त्याला स्विंगआर्मशी जोडणाऱ्या लिंकेजचा) खालचा बोल्ट काढा, चाक हातानं उचलून तिन्ही बिंदू रेषेत आणा आणि खाली लाकडाचा ठोकळा द्या. बोल्ट काढायचा नसेल तर रॅचेटचा पट्टा सबफ्रेमपासून (सीटखालच्या सांगाड्यापासून) स्विंगआर्मला बांधून शॉकअप दाबून घ्या; तीन धडधाकट माणसं मागं बसवूनही जमतं, फक्त मोजणारा चौथा हवा. या सर्वांत तंग अवस्थेत खालच्या पट्टीला मधोमध साधारण १० मिलिमीटर खेळ उरला पाहिजे. तो नसेल तर चेन सैल करा. मग पट्टा सोडा, गाडी साइड स्टँडवर लावा, तिथं खेळ किती भरतो ते मोजा आणि तो आकडा मार्करनं स्विंगआर्मवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी ही सर्कस करायची गरज नाही. एवढं मात्र बघा की लोंबती पट्टी स्विंगआर्मला किंवा स्टँडला घासत नाहीये.

मोजताना चाक फिरवत किमान चार जागी मोजा. वापरलेली चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, एखाद्या जागी ती आखडलेली असते. ॲडजस्टमेंट त्या सर्वांत तंग जागेवर करायची, सैल जागेवर नाही. दोन जागांतला फरक दीड-दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर चेन संपली, मग कितीही ॲडजस्ट करा.

अ‍ॅडजस्टरच्या रेघांवर (चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या स्क्रूशेजारच्या खुणांवर) माझा फारसा विश्वास नाही. पिव्होटच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा, तेच खरं. नट आवळण्याआधी मागच्या स्प्रॉकेटवर चेनच्या आत फडक्याची घडी घाला आणि चाक हातानं, हातानंच, मागच्या दिशेनं फिरवून ती दातांत अडकवा. त्यानं अ‍ॅक्सल पुढे ओढला जाऊन अ‍ॅडजस्टरला घट्ट टेकतो. मग टॉर्क पान्यानं मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा, फडकं काढा आणि खेळ पुन्हा मोजा. नट आवळताना तो हमखास बदलतो, बहुतेक वेळा कमीच होतो. मॅन्युअलमध्ये स्प्लिट पिन असेल तर ती नवी घाला, पाच रुपयांची वस्तू आहे. आणि इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. बोट स्प्रॉकेटमध्ये जायला अर्धा सेकंद पुरतो.

डबलसीट जायचं म्हणून शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वाढवता ना, वाढवाच. पण प्रीलोड वाढवला म्हणजे चेन तंग ठेवायची मोकळीक मिळाली असं नाही. खड्ड्यात स्विंगआर्म त्या रेषेतून जाणारच.

आता तुमचं तेल. सगळाच ओघळ सीलचा असेल असं नाही. झाकण काढा. आत जुनं चेन ल्यूब, धूळ आणि माती यांचा काळा लगदा असेल, आपल्याकडे कोकणातून आलेल्या गाडीत तर जांभ्याच्या मातीनं त्याची वीटच झालेली असते. तो खरवडून काढा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, शाफ्टभोवती थोडी टाल्कम पावडर मारा आणि १५–२० किलोमीटर चालवून पुन्हा उघडा. पावडरीवर काळे चिकट ठिपके असतील तर ते चेनचं उडालेलं ल्यूब. शाफ्टच्या कडेनं पातळ, ओली रेघ असेल तर इंजिन ऑइल. सील बदलायचं ठरलं तर बऱ्याच गाड्यांत शाफ्टवर एक कॉलर (धातूची छोटी नळी) असतो आणि त्याच्या आत एक ओ-रिंग (रबराची गोल कडी) असते, ती आहे का विचारा. नुसतं सील बदलून तीच ओ-रिंग ठेवली की तेल कॉलरच्या आतून येत राहतं आणि सगळे नव्या सीलला शिव्या घालतात. कॉलरवर सीलच्या ओठानं खाच पाडली असेल तर कॉलरही नवा.

चेन निघालीच आहे तर आउटपुट शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघा. तिथं खेळ अजिबात जाणवता कामा नये. आत-बाहेर किंचित सरकणं चालतं. वर-खाली खडखडत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि मग नव्या चेनसेटवर पैसे घालून काही होणार नाही. पाठोपाठ मागचं चाक हातानं फिरवा. ‘कर्रकर्र’ हाताला लागलं तर चाकाचं किंवा स्प्रॉकेटच्या बाजूचं बेअरिंग. तुमचा ‘ऊंऽऽ’ तिथला असेल तर स्वस्तात सुटलात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून बेअरिंगच्याच दुकानात जा, दोन्ही बाजूंनी रबर सीलवालं, म्हणजे २आरएस मागा.

चेन खरंच संपली का, हे ठरवायलाही डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. चेनच्या कड्यांच्या बाजूवर नंबर असतो. ५२० मधला ५ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ५/८ इंच, १५.८७५ मिलिमीटर. २० म्हणजे आतली रुंदी १/४ इंच. ५२५ आणि ५३० मध्ये फक्त रुंदी वाढते. ४२८ ला ते अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. चेन ताणून धरा आणि एकवीस पिना मोजा, म्हणजे वीस कड्या. ५ नं सुरू होणाऱ्या नव्या चेनची लांबी ३१७.५ मिलिमीटर भरते, ४२८ ची २५४. एक टक्का वाढली, म्हणजे ३१७.५ ची ३२०.७ च्या आसपास गेली, की मी बदलतो. मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाळा.

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. दर सर्व्हिसला ‘चेन अ‍ॅडजस्ट’ म्हणून रकाना टिक करायचा असतो, म्हणून चेनला गरज असो-नसो अर्धा फेरा आवळली जाते. चार सर्व्हिसनंतर सील गेलं की ‘हायवेवर जास्त चालवता’, बेअरिंग गेलं की ‘चेनसेट कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत नाही’. मी जॉबकार्डवर ‘चेनचा खेळ किती होता, किती ठेवला’ असं लिहून मागितलं तर सुपरवायझर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याची पत्रिका मागितली होती. आता मी जॉबकार्डवर आधीच लिहून देतो: चेनला हात लावू नये. तरी लावतात. गाडी ताब्यात घेतल्यावर गेटाबाहेर पडायच्या आधी टेप काढून मोजा.

पंक्चरवाल्याचंही तेच. मागचं चाक काढलं की अ‍ॅक्सलवरचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या छोट्या नळ्या) डावे-उजवे बदलतात, किंवा एखादा त्याच्या टेबलावरच राहतो. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चाक बसवून नट आवळल्यावर ते जड फिरायला लागलं तर बेअरिंगवर बाजूनं दाब येतोय, तसंच पुढे जाऊ नका. हबमधली, चाक आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यातले झटके झेलणारी रबरं त्याच वेळी बघून घ्या: चाक धरून स्प्रॉकेट पुढे-मागे फिरवल्यावर मोकळं ‘खट्’ ऐकू आलं तर रबरं बसलीत, नवी टाका. वाटेत कुठं अडकलात तर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या मधे कोंबून घरापर्यंत येता येतं.

सोबत काय न्यायचं: मागच्या नटाचा पाना (गाडीबरोबर आलेल्या किटमध्ये तो आहे का आणि त्यानं नट खरंच सुटतो का, हे घरी करून बघा), चेन तोडायचं टूल, आणि तुमच्याच चेनच्या नंबरचं एक चेनलॉक (चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी). क्लिपवालं असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. ते फक्त गावापर्यंत पोचायला, कायमसाठी रिव्हेटचाच जोड. घाटासाठी कुणी पुढचं स्प्रॉकेट पंधराऐवजी चौदा दात्यांचं टाकायला सांगेल. त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं, चढाला मदत होते हे खरं. पण अ‍ॅक्सल मागे सरकतो, तेव्हा वरचं सगळं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करा.

आधी साइड स्टँडवर आणि मग तिन्ही बिंदू रेषेत आणून, दोन्हीकडे खेळ किती येतो ते इथं लिहा. चेन काढलीत तर शाफ्ट हलवून हाताला काय लागलं तेही सांगा, मग चेनसेटचं बोलू.